अर्ध्या वाक्यांचे धनी, यांस

सन्माननीय प्रॉपर्टी सल्लागार महोदय,



पत्रास कारण की, आपण दाखवलेल्या, आपणच निवडलेल्या आणि मोठ्या प्रेमाने माझ्या गळ्यात घातलेल्या दुबईच्या वन बेडरूम फ्लॅटचा ताबा अखेर मला मिळाला. ही आनंदाची बातमी फोनवर कळवावी म्हटलं, तर आपला फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसते. आपण कामात असणार. म्हणून हे जाहीर पत्र. आपल्या नजरेस पडलं नाही, तरी आपल्या पुढच्या काकांच्या नजरेस पडेल अशी आशा आहे.

काका हे नातंही आपलीच देणगी. पवईच्या त्या पंचतारांकित हॉटेलातल्या प्रदर्शनात शिरल्यावर पहिल्याच मिनिटाला मी काका झालो आणि आमची ही काकू झाली. 'काका, मी सांगलीचा. आपल्या माणसाला मी फसवीन का?' असं आपण विचारलंत आणि उत्तराची वाट न पाहता कॉफी मागवलीत. कॉफी उत्तम होती. काचेच्या पेटीत निळ्या दिव्यांची छोटीशी इमारत होती, तिच्या गच्चीवर छोटासा तलाव आणि तलावाकाठी एक प्लास्टिकचं जोडपं पहुडलेलं. काकूंकडे पाहून आपण म्हणालात, 'हे तुम्ही दोघं.'

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करतो, म्हणजे आपल्या वकिलांचा वेळ वाचेल. आपण माझ्याशी एकही शब्द खोटा बोलला नाहीत. आपलं प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त ते पूर्ण होण्याआधी आपण दुसरं सुरू करत होतात. उरलेले अर्धे भाग मला मागाहून कुणाकुणाकडून मिळत गेले: काही बँकेकडून, काही सीएकडून, काही दुबईच्या जमीन खात्याकडून. ते जोडून आज आपल्याला परत करतो आहे. माल आपलाच आहे.

'काका, फ्रीहोल्ड. कायमचं तुमचं.' खरं आहे. २००२ मध्ये दुबईने परदेशी माणसाला घर घ्यायची वाट मोकळी केली आणि २००६ च्या सातव्या कायद्याने ती पक्की केली. उरलेलं वाक्य असं, की राज्यकर्त्यांनी नेमून दिलेल्या भागांतच ही मालकी मिळते. करामा आणि बर दुबईत आपल्याकडची माणसं वर्षानुवर्षं राहिली, खाली उतरलं की तिथे कढीपत्ता मिळतो आणि भाजीवाला हिंदीत हिशेब करतो. मला राहायला आवडली असती ती तिथली गल्ली. मला मिळालं ते जुमेरा व्हिलेज सर्कल. वाळवंटात कंपासने काढल्यासारखं वर्तुळ, आणि त्यात एकमेकींकडे खिडकीतून टक लावून बघणाऱ्या इमारती. समुद्र म्हणाल, तर तो नावातल्या जुमेऱ्यापुरता. 'मेट्रो दहा मिनिटांवर' हेही खरं निघालं. रात्री दोन वाजता, टॅक्सीने, सिग्नल हिरवे असतील तर. वर्तुळाच्या आत मेट्रोचं स्टेशन नाही.

आपला तो आलेखही मी जपून ठेवला आहे. निळी रेघ कोपऱ्यातून निघून छताला भिडलेली. ती रेघ २०२० पासून सुरू होत होती. त्याआधी, २०१४ पासून सहा वर्षं भाव उतरतच होते. त्याच्याही आधी, २००८-०९ मध्ये ते जवळपास निम्म्यावर आले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्ज देणाऱ्यांना 'जरा थांबा' म्हटलं, तेव्हा जगभरच्या बाजारांना घाम फुटला होता. शेजारच्या अबू धाबीने पैसा पुरवला. जानेवारी २०१० मध्ये जगातल्या सर्वांत उंच इमारतीचं उद्‌घाटन झालं आणि ऐनवेळी 'बुर्ज दुबई'ची 'बुर्ज खलिफा' झाली. अबू धाबीच्या शासकांचं नाव मिळालं तिला. एवढा मोठा इतिहास आपण आलेखाच्या डाव्या कडेला सुबकपणे कापलात, त्याबद्दल आपल्या कात्रीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आपण माझ्याकडून एक पैसाही घेतला नाहीत, हा तर आपला मोठेपणा. 'काका, आमचं कमिशन बिल्डर देतो. तुम्हाला झिरो.' बिल्डर ते कुठून देतो, हे विचारणं माझ्या संस्कारांत बसलं नाही. जमीन खात्याची ४ टक्के फीही आपण 'सरकारी आहे, सगळेच भरतात' म्हणून एका श्वासात उरकलीत. नियमानुसार ती विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने निम्मी निम्मी भरायची. करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या करारात वेगळं लिहिलं होतं. ९ लाख दिरहमवर ३६ हजार दिरहम. सही कुठे करायची हे आपण पिवळ्या चिठ्ठ्या लावून दाखवत होतात. त्या पानावर चिठ्ठी होती, पण ती बरोबर त्याच ओळीवर चिकटवलेली होती.

आता हप्त्यांकडे येऊ, कारण आपल्या प्रतिभेला खरा बहर तिथे आला होता. 'काका, ६०-४०. साठ टक्के बांधकाम होईपर्यंत थोडे थोडे, चाळीस टक्के ताब्याच्या वेळी. व्याज नाही!' व्याज नाहीच. दिरहम मात्र आहे. १९९७ पासून तो डॉलरला ३.६७२५ च्या दराने बांधलेला आहे. दिरहम जागचा हलत नाही, हलतो तो आपला रुपया, आणि तो कुठल्या दिशेने हलतो हे सांगायला सांगलीचाच माणूस लागतो असं नाही. २०२२ च्या सुरुवातीला बुकिंग केलं तेव्हा दिरहम साडेवीस रुपयांच्या आसपास होता. शेवटचा हप्ता पाठवला तेव्हा त्याने चोविशी गाठली होती. किंमत तीच, ९ लाख. मी मात्र दर हप्त्याला थोडा अधिक महाग होत गेलेला तोच फ्लॅट पुन्हा पुन्हा विकत घेत होतो.

बरं, पैसे पाठवायचे कसे, याबद्दल आपण म्हणाला होतात, 'एलआरएस आहे ना काका! माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. काही प्रॉब्लेम नाही.' एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, आणि प्रॉब्लेम नाहीच. बुकिंगच्या वेळी ७ लाखांच्या वरच्या रकमेवर बँक ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापत होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ते २० टक्के झाले. एप्रिल २०२५ पासून सरकारला दया आली आणि ७ लाखांची मर्यादा १० लाखांवर गेली. ताब्याचे ते ४० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार दिरहम, साधारण ८६ लाख रुपये. त्यावर बँकेने वेगळे १५ लाखांहून जास्त कापून घेतले. 'रिटर्न भरलं की परत मिळतात काका' हे आपलं वाक्यही खरं. पण मधल्या काळात ते १५ लाख कुणाच्या खिशातून काढायचे? माझी ग्रॅच्युइटी मुलुंडच्या जुन्या फ्लॅटच्या पैशांमागोमाग आधीच त्या वाळूत गेली होती. शेवटी मी मोडली ती काकूंची एफडी. काकू अजून आपली आठवण काढतात. रोज. नाव घेऊन नाही.

'आणि दुबईत भाडं टॅक्स-फ्री!' हे वाक्य ऐकून प्रदर्शनातल्या पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थही वळून पाहायला लागले होते. दुबईत टॅक्स-फ्री आहे, यात वाद नाही. पण मी राहतो ठाण्यात. भारतात राहणाऱ्याचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं, त्यामुळे दुबईचं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं आणि इथल्या दराने कर भरायचा. माझ्या सीएंनी तर इमारतीचा पाया खणला जात होता तेव्हापासूनच परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅटची नोंद करायला लावली. तो तक्ता कॅलेंडर वर्षाचा हिशेब मागतो आणि रिटर्न आर्थिक वर्षाचा, ही त्यातली आणखी एक गंमत. मी म्हटलं, अहो, अजून खड्डा आहे तिथे. ते म्हणाले, २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात परदेशी मालमत्ता न दाखवण्याचा दंड १० लाख आहे, आणि खड्ड्याला सूट नाही. आपण मात्र निरोप घेताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतात, 'इथे कुणाला कळतंय काका?' आपण केलेलं हे एकच विधान पूर्ण होतं. नेमकं तेच मी मानलं नाही.

गोल्डन व्हिसाबद्दल किती आभार मानू? दहा वर्षांचा व्हिसा, रांगेत उभं राहायला नको, नातवंडांना दुबईत शाळा... आपण नातवंडांची नावंही विचारून घेतलीत. त्या व्हिसासाठी मालमत्ता किमान २० लाख दिरहमची लागते. आपण मला विकलीत ९ लाखांची. मधले ११ लाख नातवंडं मोठी होऊन कमावतील, असा आपला अंदाज असावा.

ताबा 'डिसेंबर २०२४, पक्का'. करारात त्यापुढे १२ महिन्यांची सवलत होती. बिल्डरला, मला नव्हे. बिल्डर थांबला तर ती सवलत; मी थांबलो तर नोटीस आणि ३० दिवस. बांधकाम ६० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असेल आणि माझा हप्ता चुकला, तर दुबईच्या कायद्याप्रमाणे बिल्डर किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःकडे ठेवून करार मोडू शकतो. एका बाजूला मायेचा वर्षाव आणि दुसऱ्या बाजूला ४० टक्के. आपण मला मायेची बाजू दाखवलीत. न्यायाने सांगायचं तर तिथल्या व्यवस्थेत चांगलंही बरंच आहे. २००७ च्या कायद्यामुळे माझे हप्ते प्रकल्पासाठीच राखलेल्या एस्क्रो खात्यात जात होते, करार सरकारी नोंदवहीत चढला होता. २००८ मध्ये पोळल्यावर दुबईच्या अधिकाऱ्यांनी नियम कडक केले. नियम आपल्यालाही ठाऊक होते, कारण त्यांनीच दिलेल्या परवान्याचं कार्ड आपल्या गळ्यात होतं. ते आपण टायच्या मागे सरकवून बसला होतात.

ताब्याला जाता येईना, म्हणून मुखत्यारपत्र करायचं ठरलं. 'एक कागद पाठवा काका, बाकी मी बघतो.' तो एक कागद आधी नोटरीकडे गेला, मग मंत्रालयात शिक्क्यासाठी, मग परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यासाठी, मग अमिरातीच्या दूतावासाकडे. तिथून दुबईला पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि वर अरबी भाषांतर. एका अपोस्टिलच्या शिक्क्यावर भागत नाही, हे मला रांगेतल्या एका नर्सताईंनी सांगितलं. त्यांची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला नोटरीची सही अस्पष्ट निघाली होती. कागद शेवटी इतक्या शिक्क्यांनी भरला, की माझं नाव शोधायला भिंग लागावं. 'बाकी मी बघतो' म्हणणारे आपण तेव्हा कुठे होतात? नाशिकला प्रदर्शन होतं म्हणे.

फ्लॅटचं म्हणाल, तर फ्लॅट देखणा आहे, खोटं का बोलू? खिडकीतून बुर्ज खलिफा दिसतोसुद्धा. करंगळीएवढा, क्षितिजावर, धूळ नसेल त्या दिवशी. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर क्रेन उभी राहिली आहे. तिच्यावर ज्या इमारतीची जाहिरात आहे, तिथूनही बुर्ज खलिफा दिसणार असं लिहिलं आहे. तो माझ्या खिडकीतून घेऊनच दाखवतील बहुधा.

सर्व्हिस चार्ज या विषयावर मात्र मला थोडं बसूनच बोलायला हवं. आपण म्हणालात, 'मेंटेनन्स नॉमिनल.' आमच्या इमारतीला चौरस फुटामागे वर्षाला १६ दिरहम. ७५० चौरस फूट, म्हणजे १२ हजार दिरहम, पावणेतीन लाखांच्या वर रुपये, आणि हे भाडेकरू असो वा नसो. एसीच्या थंडाव्याची आकारणी वेगळी. थंड हवा तिथे पाइपातून येते आणि तिचं बिलही पाइपलाइनीइतकंच लांब असतं.

पैशांचं दुःख नाही, महोदय. दुःख वेगळंच आहे. मुलुंडच्या सोसायटीत मी बावीसशे रुपये मेंटेनन्स देत होतो आणि त्याच्या बदल्यात मला भांडणाचा अधिकार होता. दर वर्षी सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून मी सेक्रेटरींना उभं करायचो, ते मला बसवायचे, चेअरमन चहा मागवायचे. लिफ्टच्या कंत्राटाची फाइल मी स्वतः चाळलेली आहे. दुबईत २०१९ च्या सामायिक मालमत्तेच्या कायद्याने रहिवाशांच्या संघटनांचे कारभाराचे अधिकार काढून घेतले. उरली ती मालकांची समिती, आणि तिचं काम सल्ला देण्याचं. कारभार बघते व्यवस्थापन कंपनी. दरांना सरकारी मंजुरी असते, हिशेब सरकारी प्रणालीत नोंदलेला असतो, सगळं स्वच्छ, चकचकीत आणि पूर्ण निःशब्द. मी ईमेल केला की लॉबीतल्या फुलदाण्यांवर एवढा खर्च का? उत्तर आलं: 'आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो.' मला सेक्रेटरी हवे होते हो! माणूस हवा होता, ज्याच्यावर आवाज चढवता येईल आणि जो दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटून तोंड फिरवील. परक्या देशात घर घेतलं, की भिंती आपल्या होतात. आवाज मात्र मुलुंडलाच राहतो, हे काही आपल्या माहितीपुस्तिकेत नव्हतं. माहितीपुस्तिका मात्र फार जड होती.

इथल्या महारेराकडे जावं का, असं एकदा मनात आलं होतं. व्यवहार पवईत ठरला, कॉफी पवईत प्यालो, सही पवईत केली. एका वकीलबाईंनी समजावलं की इमारत दुबईत आहे, तेव्हा तक्रारही तिकडेच. आपली कॉफी तेवढी महाराष्ट्रात होती.

आता भाडेकरू आला आहे, तोही आपल्याच एका सहकाऱ्याच्या कृपेने. वर्षाला ६५ हजार दिरहम, चार चेकांत. आपला '८ टक्के परतावा' मी कागदावर शोधतो आहे. ६५ हजारांतून सर्व्हिस चार्ज वजा, व्यवस्था बघणाऱ्याची फी वजा, शेवटी इथला कर वजा. ८ चा आकडा कुठे तरी जिन्यात बसलेला असावा. 'वाटेल तेव्हा जाऊन राहा काका' या आपल्या आमंत्रणाची आठवण झाली म्हणून चौकशी केली. स्वतः राहायचं म्हणून भाडेकरूला उठवायचं, तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर टपालाने १२ महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते. कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो याचा मला एरवी आनंदच झाला असता. तोवर त्या तलावाकाठी पहुडायला प्लास्टिकचं जोडपं आहेच.

मी गेल्यावर काय, हाही विषय आपण नाजूकपणे टाळलात. वडीलधाऱ्यांपुढे असलं बोलू नये. तिथल्या फ्लॅटसाठी तिथे वेगळं मृत्युपत्र नोंदवून ठेवलेलं बरं, नाही तर वारसांना तिथल्या न्यायालयाचा आदेश मिळेपर्यंत थांबावं लागतं, हे मुलाने शोधून काढलं. तेव्हापासून तो माझ्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करतो.

हे पत्र इथवर लिहून झालं, आणि परवा चमत्कार घडला. नव्या नंबरवरून आपला मेसेज आला. 'काका कसे आहात? फ्लॅट विकायचा आहे का? माझ्याकडे पुण्याचे एक ग्राहक आहेत. रिटायर्ड. फक्त दोन टक्के आणि त्यावर व्हॅट.' खाली हात जोडलेलं चित्र. आणि त्याच्याही खाली एक ओळ: 'सर्व्हिस चार्जचं वगैरे आधी बोलू नका, मी सांगेन त्यांना नीट.'

आपली ही सेवाभावी वृत्ती पाहून मन भरून आलं. माझी एवढीच नम्र विनंती आहे, की त्या काकांचा नंबर आधी मला पाठवावा. मी त्यांना सगळं सांगणार आहे, दिरहमपासून फुलदाण्यांपर्यंत. ते फ्लॅट घेणार नाहीत, माझा माझ्याकडेच राहील आणि आपले दोन टक्के बुडतील. एवढं आपलं नुकसान करण्याची ऐपत माझ्यात अजून शिल्लक आहे.

काकूंचा आपल्याला विशेष आशीर्वाद.

आपला ऋणानुबंधी,
ठाण्याचे काका

ता. क. सांगलीत कुठे राहता, ते कळवलंत तर बरं होईल. आमचे व्याही तिकडचेच आहेत.